दगडावरचा सयाजी

वरच्या कोंडात कोंबड्यांच्या पायाला दोरी बांधतात. चोरांच्या भीतीने नव्हे. डोंगर इतका उभा, की दाणा टिपताना कोंबडीचा तोल गेला तर ती थेट पोलादपूरच्या बाजारात जाऊन पडायची, आणि बाजारातले लोक पडलेली कोंबडी परत देत नाहीत. उतेकरांचा एक भोपळा असाच वेलीवरून सुटला होता. तो सावित्रीच्या पात्रात सापडला, तोही भाजलेला, कारण वाटेत कुणीतरी शेत भाजायला राब पेटवला होता. अशा त्या अकरा घरांच्या कोंडावर सन एकोणीसशे एकोणतीसच्या मार्गशीर्षात जर्मनीहून एक दगड आला. दगड म्हणजे दगडाचा फोटो. पण सयाजी उतेकराच्या छातीवर तो पडला तेव्हा फोटोसारखा हलका पडला नाही.

फोटो पोस्टकार्डाएवढा होता. वाळूचा माळ, मागे सुरूसारखी उंच काळी झाडं, आणि पुढे एकाच मापाचे दगड ओळीने उभे, जणू कवायतीला थांबलेली पलटण. अगदी पुढच्या दगडावर माथ्याला ॐ होता आणि खाली इंग्रजी अक्षरं. सोबतचं पत्र वाचायला पोलादपूरच्या शाळेतले मास्तर मुद्दाम चढून आले होते. ते आधी दोन तांबे पाणी प्याले आणि मग त्यांनी वाचलं. महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना सन सतरा साली क्षयाने वारलेला सफरमैना पलटणीचा शिपाई सयाजी उतेकर, राहणार वरचा कोंड, याला बर्लीन शहराच्या दक्षिणेकडे लष्करी दफनभूमीत पुरलेलं आहे. सरकारने त्याच्या नावाचा दगड बसवला आहे. त्याची छबी वारसांना पाठवली आहे.

सयाजी उतेकर हे सगळं ओटीच्या खांबाला टेकून, उभ्याने, धडधाकट ऐकत होता.

मास्तरांनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहून म्हटलं, "धाकटा भाऊ गेला, कुशाबा. धीर धर."

"हां जी," सयाजी म्हणाला. सतरा वर्षं कोंडाबाहेरचं कुणीही कुशाबा म्हणालं की त्याच्या तोंडून हे आपोआप निघत असे.

त्याचं असं झालं होतं. सन बाराच्या साली पोलादपूरच्या बाजारात भरतीचा हवालदार आला होता. त्याने सयाजीची छाती मापली, आणि ती कोणाहीपेक्षा दोन बोटं जास्त भरली. चारचौघांत अशी छाती भरल्यावर माणसाने काय करायचं? सयाजीने नाव दिलं. घरी आल्यावर त्याला आठवलं की आपलं लग्न होऊन नऊच दिवस झालेत. न्यायला शिपाई यायच्या दिवशी तो नाचणीच्या कणगीत जाऊन बसला आणि तीन दिवस बसून राहिला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या कानातल्या नाचणीला मोड आले होते, असं शपथेवर सांगणारी माणसं कोंडावर होती.

थोरला भाऊ कुशाबा त्याला एक शब्द बोलला नाही. त्याने डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि बायकोला, ठमाबाईला, एवढंच सांगितलं, "घरानं नाव दिलंय. नाव गेलं पायजे."

तर कुशाबा गेला, पण गेला सयाजी होऊन. आणि मागे राहिलेल्या सयाजीला कुशाबा व्हावं लागलं, कारण जमीन थोरल्याच्या नावावर होती. दर साली तलाठी पाहणीला येई आणि कागदात बघून "कुशाबा उतेकर" अशी हाक मारी. तेव्हा कुणीतरी "हजर" म्हणायला हवं होतं. कोंडाचा म्हातारा गोमाजी उभ्या आयुष्यात चार वेळा महाडला जाऊन आलेला, म्हणून कायद्याचं सगळं त्याला विचारायची रीत होती. गोमाजीने सांगून ठेवलं होतं, "पलटणीला खोटा माणूस दिला हे सरकारला कळलं ना, तर दुश्मनाला मागनं. पयली गोळी सयाजीला." त्या दिवसापासून अकरा घरांनी हे गुपित असं सांभाळलं, की परका माणूस वाट चढताना दिसला की वाडीतली पोरंसुद्धा खेळता खेळता सयाजीकाकाचा कुशाबाकाका करून टाकत.

जर्मनांच्या कैदेतून कुशाबाची दोन कार्डं आली होती. दोन्ही आधी साहेबांनी वाचलेली, शिक्के मारलेली. कागदावर तो सयाजी, म्हणून त्याला लिहावं लागलं होतं तेही तसंच. "सौभाग्यवती चंद्राबाईस आशीर्वाद. आणि मातेसमान वहिनी ठमाबाई यांचे चरणी दंडवत." चंद्राबाई सयाजीची बायको. तिने ते कार्ड हातात घेतलं नाही. ठमाबाईने मात्र नवऱ्याने आपल्याला घातलेला तो दंडवत दोनदा वाचून घेतला, पदराच्या टोकाला कार्ड बांधलं आणि ती भात कांडायला गेली. मग लढाई संपली. पलटणी परत आल्या. कुशाबाचा पत्ता नाही, एवढंच कळलं. ठमाबाई कुंकू लावत राहिली.

आता मास्तर उतरून गेल्यावर ती पुढे आली. तिने फोटो मागून घेतला.

"ह्यात नाव कुठलं?"

मास्तरांनी बोट ठेवून दाखवलेली जागा सयाजीने दाखवली. ठमाबाईने त्या जागेवर नख फिरवलं.

"हे तुमचं नाव, भावजी."

"माझंच, वयनी."

"आणि त्यांचं?"

ठमाबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर सयाजीला सोपं गेलं असतं.

"जमिनीवर त्यांचं नाव हाय, ते तुम्ही घेतलंत. दगडाखाली ते स्वतः हायेत, तर त्यांना तुमचं नाव दिलंत. मग ते हायेत कुठं?"

गोमाजी खाकरला. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याला अग्नी कसा द्यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, नारळाचं डोकं लावायचं, नाव पुकारायचं आणि जाळायचं. "बारा वर्सं कवाच झाली," गोमाजी म्हणाला, "आणि त्यात त्या लोकांनी त्याला तान्ह्या पोरासारखा मातीत पुरला. आग दिली पायजे. उद्याच पुतळा करू."

"कुणाच्या नावानं?" ठमाबाईने विचारलं.

"दगडावर हाय त्याच्या," गोमाजी बोलून गेला, आणि मग त्याचं लक्ष सयाजीकडे गेलं. चंद्राबाई आत निघून गेली. जिवंत माणसाचं नाव पुकारून पुतळा जाळायचा म्हणजे काय, हे कुणी बोललं नाही.

"बरं, कुशाबाच्याच नावानं करू," गोमाजी म्हणाला. पण हेही त्याला लगेच पटेना. "भट महाडचा येणार. तो जाऊन बोलणार. मग तलाठी विचारील, कुशाबा मेला, तर दर साली हजर कोण बोलतो? त्याचं भूत?"

तर कुशाबाला कुशाबा म्हणून जाळता येत नव्हतं आणि सयाजी म्हणूनही जाळता येत नव्हतं. एवढा मोठा जर्मनीचा मुलूख, त्याने त्याला पुरायला जागा दिली, आणि वरच्या कोंडात त्याला जाळायला नाव मिळेना.

ठमाबाईने त्या संध्याकाळी आपलं ताट पालथं घातलं. "दगडावर त्यांचं नाव चढलं की जेवीन," ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, दोन दिवस रागावेल. तिसऱ्या दिवशी चंद्राबाईने नाचणीची आंबील नेली, ती तशीच परत आली. चौथ्या दिवशी सयाजी पाया पडला. पाचव्या दिवशी त्याने पाथरवट आणतो, आपल्याच अंगणात त्यांच्या नावाचा दगड बसवतो, असं सांगून पाहिलं. "ते अंगणात नाय झोपले," ठमाबाई म्हणाली, आणि कूस बदलली. ती फक्त पाणी घेत होती. सातव्या दिवशी ती इतकी वाळली की दाराच्या फटीतून वारा आला तर गोधडीवर दगड ठेवावा लागेल असं गोमाजीने म्हटलं, आणि कुणी हसलं नाही.

त्या दिवशी सयाजी तिच्या उशाशी बसला होता. ती डोळे मिटून म्हणाली, "तीन वर्सं तिकडं होते. डागदर, पहारेकरी, सोबतचे कैदी, सगळे तुमच्या नावानं हाका मारीत असतील. मरताना पानी मागितलं असंल, तर देणारानं 'सयाजी, घे' म्हटलं असंल. आपल्या नावाची हाक त्या माणसानं परत ऐकली नाय."

सयाजी उठून बाहेर आला. सतरा वर्षं तो खाल्लेलं पचवत होता, झोपत होता, लेकीला खांद्यावर घेऊन जत्रेला जात होता. आज पहिल्यांदा त्याला वाटलं की त्या माळावर आपणच पुरलेलो आहोत, आणि इथे जो हिंडतो तो कोण हे कुणालाच माहीत नाही. आठव्या दिवशी पहाटे कुणाला न सांगता तो उतरला. बायकोला सांगितलं असतं तर तिने वाट अडवली असती. गोमाजीला सांगितलं असतं तर त्याने पुन्हा गोळीची गोष्ट काढली असती, आणि सयाजीचे पाय कणगीकडे वळायला फार वेळ लागत नसे, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

महाडला मामलेदार कचेरीत अवलकारकून होते. माणूस शांत, चष्म्याच्या काड्या सुतळीने बांधलेल्या. सयाजीने त्यांच्यासमोर हात जोडले आणि रस्ताभर घोकलेलं एका दमात सांगून टाकलं.

"साहेब, मी सयाजी उतेकर. जर्मनीत पुरलाय तो माझा भाव कुशाबा. मी भ्यालो, म्हणून तो माझ्या नावानं गेला. मला काय ती शिक्षा द्या. पण दगडावरचं नाव बदला. घरात बाई उपाशी मरतेय."

अवलकारकुनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तू सयाजी?"

"हां जी."

त्यांनी तलाठ्याला बोलावलं. तलाठी शेजारच्याच खोलीत होता. त्याने दारातूनच ओळखलं. "काय रे कुशाबा, इकडे कुठे?"

"हां जी," सयाजीच्या तोंडून निघून गेलं.

अवलकारकुनांनी फक्त सयाजीकडे पाहिलं. सयाजीला स्वतःची जीभ उपटून फेकावीशी वाटली. तलाठ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसत सुटला. "साहेब, नऊ वर्षं मी याला ओळखतो. भावाच्या दुःखाने डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. हा सयाजी असेल तर मी नऊ वर्षं मेलेल्या माणसाची हजेरी लिहिली म्हणायची."

पण अवलकारकून सरळ माणूस होते. ते म्हणाले, "हे बघ. तू जे सांगतोस ते खरं असेल, तर मी वर लिहीन. दगड लावणाऱ्या खात्याला पत्र जाईल, आणि ते नाव बदलतीलही. पण आधी मला इथे खात्री पटली पाहिजे. मी स्वतः तुझ्या कोंडावर येतो. माणसांच्या जबान्या घेतो. ती सांगतील ते लिहितो. तोवर तू इथेच राहा, कुणाला पढवायला जाऊ नकोस."

सयाजीला इतका आनंद झाला की त्याने तलाठ्याच्याही पाया पडून घेतलं. अकरा घरांत कोण आहे ज्याला ठाऊक नाही? म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे सांगतील. तो कचेरीच्या पडवीत दोन दिवस बसून राहिला आणि ठमाबाईचे उपाशी दिवस बोटांवर मोजत राहिला. नऊ. दहा.

अकराव्या दिवशी ते निघाले. पुढे एक पट्टेवाला, मागे एक, मध्ये सयाजी, आणि सर्वांत मागे अवलकारकून आणि तलाठी. शेवटच्या चढावर अवलकारकुनांना दोन्ही हात धरून ओढावं लागलं. वरच्या कोंडातून खालची वाट नदीपर्यंत दिसते. म्हणजे ही वरात कोंडाने तीन तास आधी पाहिली होती. दोन पट्टेवाल्यांच्या मध्ये सयाजी चालतोय हे पाहिल्यावर त्यांना जे समजायचं ते समजलं होतं.

उतेकरांच्या अंगणात घोंगडं अंथरलं. अवलकारकुनांनी दम खाल्ला, दौत उघडली आणि सयाजीला सांगितलं, "तू एक शब्दही बोलायचा नाहीस." मग त्यांनी गोमाजीला विचारलं, "हा कोण?"

गोमाजीने सयाजीला नीट न्याहाळलं, जणू बाजारात बैल घ्यायचा आहे. "हा कुशाबा."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांदेखत जल्मला. दाई मिळत नव्हती, मीच आणली."

"गोमाजीआबा, खरं सांगा," सयाजी ओरडला, "मी सयाजी हाय ते सांगा. मीच साहेबांना आणलंय."

"मारलाय जी त्याला," गोमाजी अवलकारकुनांना मोठ्या समजुतीने म्हणाला. "मारल्यावर मानूस काय पन बोलतो. मला मारलंत तर मीबी सयाजी हाय म्हनीन."

पट्टेवाल्याने सयाजीला गप्प केलं. मग सहदेव आला. मग मुरारी, चांगू, एकेका घरातला एकेक. सयाजी डोळ्यांनी विनवत होता, मान हलवत होता, आणि त्याने जितकी मान हलवली तितकी ती माणसं ठाम होत गेली. कुशाबाच. लहानपणी झाडावरून पडला होता, ती खूण बघा. कुशाबाच. सयाजी गोरा होता, उंच होता, याच्या दीडपट होता. पाचव्या माणसापर्यंत तो मेलेला सयाजी दार मोडून घरात शिरायचा एवढा उंच झाला. सातव्याने सांगितलं की सयाजी एकटा वाघाला हाकून लावायचा. कुणी पढवलेलं नव्हतं. सतरा वर्षांचा सराव होता, आणि आज तर सयाजीचा जीव वाचवायचा होता. दर साली तलाठ्याला सांगतात त्याहून जरा जास्त लावून सांगत होते, एवढंच.

"सयाजीची विधवा कोण?" अवलकारकुनांनी विचारलं.

चंद्राबाई गोठ्याच्या कुडाआड उभी होती. ती बाहेर आली. तिने कपाळाकडे हात नेला आणि पदराने कुंकू पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, म्हणून थुंकी लावून पुन्हा पुसलं. मग तिने नवऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर ओढावा तसा, पदर पुढे ओढून घेतला आणि पाठमोरी उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "माझा मानूस तिकडं मेला. हे माझे थोरले दीर."

"चंद्रे, काय करतेस गो," सयाजी म्हणाला. तो उठायला गेला तर पट्टेवाल्याने खांदा दाबला.

"आणि ही मुलगी?" अवलकारकुनांनी दाराशी उभ्या आवडीकडे बोट केलं. आवडी नऊ वर्षांची. सयाजी आणि चंद्राबाईची एकुलती एक. "मुली, तुझी आई कोण?"

आवडीने आईच्या पाठीकडे पाहिलं. मग तिने हात उचलून घरात दाखवलं, जिथे ठमाबाई निजली होती.

सयाजीने तोंड हातांत घातलं. त्याला जे हवं होतं ते मिळायला एका खऱ्या शब्दाची गरज होती, आणि ज्यांचं त्याच्यावर प्रेम होतं त्यांपैकी एकही तो शब्द बोलायला तयार नव्हता. त्याला वाचवायला बायकोने सौभाग्य दिलं होतं, लेकीने आई दिली होती. तो असा वाचत चालला होता की त्याचं काही शिल्लकच राहणार नव्हतं.

राहिली फक्त ठमाबाई. तिला दोघींनी धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. ती चौकटीला पाठ लावून बसली. अवलकारकून स्वतः उठून तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, सगळ्या कोंडाचं म्हणणं आहे की हा कुशाबा, तुमचा नवरा. ही तुमची मुलगी. तुम्ही हो म्हणालात की झालं."

ठमाबाईने सयाजीकडे पाहिलं. आवडीकडे पाहिलं. जन्मभर जे तिच्या वाट्याला आलं नाही ते, नवरा, लेक, भरलं घर, सगळं सरकार तिला एका होकारावर लिहून द्यायला तयार होतं. कोंडही तयार होता.

"नाय," ती म्हणाली. "हे माझे दीर. ही दिराची लेक. हे कणगीत बसले आणि माझे घरधनी गेले."

"तुमच्या घरधन्याचं नाव?"

बायकांत चुळबुळ झाली. नवऱ्याचं नाव सांगायचं ते दुसऱ्या कुणीतरी, गोमाजीने किंवा दिराने. पण गोमाजीने तर आत्ताच सयाजीला कुशाबा करून ठेवलं होतं. ठमाबाईने आजूबाजूला कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं.

"कुशाबा," ती म्हणाली.

"काय म्हणालात? मोठ्याने."

"कुशाबा." आवाज फुटका होता, पण अंगणाच्या टोकापर्यंत गेला. एका बाईने कानांवर हात ठेवले.

अवलकारकून टाक दौतीत बुडवत होते. "पुन्हा एकदा, लिहून घेतो."

"कुशाबा रामजी उतेकर," ठमाबाई म्हणाली, आणि हातातल्या काचेच्या बांगड्या तिने उंबऱ्याच्या दगडावर आपटल्या. एक हात, मग दुसरा. मनगट इतकं बारीक झालं होतं की दोन बांगड्या न फुटता नुसत्याच निसटून गेल्या. त्या तिने चाचपून शोधल्या आणि फोडल्या.

सयाजीला वाटलं, आता झालं. एवढं पाहिल्यावर दगडाला सुद्धा कळेल. अवलकारकून बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी लिहिलेलं सर्वांना वाचून दाखवलं, कारण ते सरळ माणूस होते.

"दहा घरच्या इसमांनी एकमुखाने सांगितले की हजर असलेला इसम कुशाबा होय. मयत सयाजीच्या विधवेने तेच सांगितले. फक्त ठमाबाई वेगळे सांगते. परंतु सदरहू बाईने कुशाबा हे नाव सर्वांदेखत तीन वेळा घेतले. या भागातल्या कुलीन बाईने शुद्धीवर असताना नवऱ्याचे नाव असे घेतले नसते. शिवाय बाई अकरा दिवस उपाशी आहे. तिच्या जबानीवर विसंबता येत नाही. दगडावरील नाव बरोबर आहे."

त्यांनी कागद वाळवला आणि घडी केली. जाताना ते सयाजीला म्हणाले, "कुशाबा, दोन्ही बायकांची काळजी घे. आता तूच आहेस त्यांना." तलाठ्याने त्याच्या पाठीवर थोपटलं.

वरात उतरायला लागली. ती वळणापलीकडे गेल्याबरोबर गोमाजी सयाजीजवळ आला, आणि हसत हसत म्हणाला, "वाचलास रे."

"मीच गेलो हुतो सांगायला," सयाजी म्हणाला. "तुमी खरं सांगितलं असतंत तर दगडावरचं नाव बदललं असतं. मी तेवढ्यासाठी त्यांना आणलं."

गोमाजीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, कारण ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. सहदेव, मुरारी, चांगू, सगळे जिथे उभे होते तिथे उभे राहिले.

"मग आदी सांगायचं," शेवटी गोमाजी म्हणाला.

सयाजीला त्याच्यावर रागावता आलं नाही. सतरा वर्षांपूर्वी कुणालाही न सांगता तो कणगीत शिरला होता. आज कुणालाही न सांगता बाहेर आला होता, आणि दोन्ही वेळेला भरणारे दुसरेच होते.

उंबऱ्यावर ठमाबाई तशीच बसलेली होती. चंद्राबाईने आतून पेज आणली. तिला वाटलं होतं, परत जाईल. पण ठमाबाईने वाटी हातात घेतली.

"दगडावर तर चढलं नाय, बाय," चंद्राबाई म्हणाली. स्वतःशीच बोलल्यासारखी.

"नाय चढलं. आता चढायचं पन नाय." ठमाबाईने वाटीतली वाफ अंगावर घेतली. "मी बोलले. तेवढंच झालं." मग तिची नजर चंद्राबाईच्या कपाळावर गेली आणि वाटी ओठांपाशी थांबली. "आदी कुंकू लाव गो."

"ते अजून दिसतायत उतारावर. एकानं वळून बघितलं तर?"

"एवढ्या लांबनं?"

"पट्टेवाल्याची नजर लांब असते म्हनतात."

म्हणून सयाजीसकट तिघं जण उतरणाऱ्या माणसांकडे बघत बसली. पट्टेवाल्यांचे तांबडे पट्टे झाडीत जात, पुन्हा निघत, लहान होत. पेजेवर साय धरली. नदीपाशी ते शेवटचे दिसले आणि दिसेनासे झाले, तरी चंद्राबाई थोडा वेळ थांबली. मग ती करंडा घेऊन आली, ठमाबाईसमोर बसली, आणि कपाळ पुढे केलं. नऊ दिवसांची नवरी होती तेव्हापासून सणासुदीला थोरल्या जावेच्याच हातचं कुंकू ती लावून घेत आली होती.

ठमाबाईने बोट कुंकवात बुडवायला नेलं आणि वरच्यावर थांबवलं. तिच्या मनगटावर काचांचे ओरखडे होते, त्यांतून रक्त येत होतं. तिने हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला.

"माझ्या हातानं आता नको," ती म्हणाली. "तूच लाव."

चंद्राबाईने स्वतः बोट बुडवलं. ते कपाळापर्यंत नेलं. अंगणात दहा घरांची माणसं अजून उभी होती, ज्यांच्यादेखत तिने आपला माणूस मेला म्हणून सांगितलं होतं. बोट कपाळाशी तसंच थांबलं. तिने मागे वळून सयाजीकडे पाहिलं, तो खरंच तिथे आहे की नाही ते बघायला पाहावं तसं.

"हायेस ना रे?" तिने विचारलं. नवऱ्याला ती जन्मात कधी अरेतुरे बोलली नव्हती.

सयाजीला हां जी म्हणायचं होतं. पण ते दोन शब्द त्याने सतरा वर्षं भावाच्या नावाला वापरले होते, आणि आता या एका वेळेला ते तोंडातून बाहेर येईनात.